गावाची टीम, दुसऱ्याचे खेळाडू: ॲपलाचियन लीगची गोष्ट

अमेरिकेच्या पूर्वेला ॲपलाचियन नावाची लांबलचक डोंगररांग आहे. टेनेसी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना ही राज्यं जिथे एकमेकांना भिडतात त्या पट्ट्यातल्या छोट्या गावांमध्ये १९११ साली एक बेसबॉल लीग सुरू झाली, ती तीनदा बंद पडली, तीनदा परत उभी राहिली आणि २०२० नंतर वेगळ्याच रूपात चालू आहे. ब्लूफील्ड, ब्रिस्टल, किंग्सपोर्ट, जॉन्सन सिटी, एलिझाबेथटन, पुलास्की... आपल्याकडे ही नावं फारशी कुणी ऐकलेली नसतात. पण नोलन रायन, कॅल रिपकन, कर्बी पकेट हे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले दिग्गज पगार घेऊन पहिल्यांदा बेसबॉल खेळले ते याच गावांत.

मला ही लीग आवडते ती या मोठ्या नावांपेक्षा एका दुसऱ्या कारणासाठी. छोट्या गावातला खेळ कसा जगतो आणि कशामुळे मरतो हे या एका लीगमध्ये अगदी स्वच्छ दिसतं, आणि सगळा इतिहास फिरतो तो एका साध्या प्रश्नाभोवती: खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट कोणाच्या हातात आहे? हे उत्तर बदललं की लीगचं नशीब बदलतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण बेसबॉलची रचना आपल्या क्रिकेटसारखी नाही. तिथे राज्याची टीम, मग झोनची टीम, मग देशाची टीम असली शिडी नाहीच. वरती मेजर लीगचे ३० क्लब, ते खाजगी मालकीचे. त्यांच्या खाली मायनर लीग, म्हणजे खालच्या पायऱ्या: ट्रिपल-ए, डबल-ए, सिंगल-ए आणि सगळ्यात तळाला रूकी, म्हणजे नवशिक्यांच्या लीग. शाळा-कॉलेजातून उचललेला पोरगा थेट मेजरमध्ये जवळपास कधीच जात नाही, तो या पायऱ्या चढत जातो, त्यात चार-पाच वर्षं सहज जातात आणि बहुतेक जण मधेच कुठेतरी थांबतात. ॲपलाचियन लीग कायम तळाच्या पायरीवर राहिली. आधी त्या पायरीला क्लास-डी म्हणायचे, नंतर रूकी.

हा क्लासचा प्रकार आला १९०१ नंतर. त्या वर्षी शिकागोत मायनर लीगवाले एकत्र जमले आणि त्यांनी आपली एक राष्ट्रीय संघटना काढली, कारण वरचे क्लब त्यांचे खेळाडू सरळ पळवून नेत होते. ठरलं असं की लीगला ए, बी, सी, डी असे दर्जे द्यायचे, आणि दर्जा साधारण गावाच्या लोकसंख्येवरून ठरायचा. खेळाडू घ्यायचा असेल तर पैसे मोजायचे. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची आहे म्हणून थोडं थांबून सांगतो. गावातले दुकानदार, बँकवाले, गिरणीवाले वर्गणी काढून टीम उभी करायचे, तिकिटातून खर्च जेमतेम निघायचा किंवा निघायचाही नाही, पण एखादा चांगला पोरगा सापडला तर त्याचं कॉन्ट्रॅक्ट गावाच्या क्लबकडे असायचं आणि ते वरच्या लीगला विकून वर्षाचा तोटा भरून काढता यायचा. म्हणजे गावाकडे विकायला काहीतरी स्वतःचं होतं. (खेळाडूला यात काहीच बोलायचा हक्क नव्हता, क्लबने ठेवलं तर राहायचं, विकलं तर जायचं, ही अन्यायाची बाजू पण तेव्हापासूनचीच.)

१९११ ला नॉक्सव्हिल, ॲशव्हिल, ब्रिस्टल, जॉन्सन सिटी, मॉरिसटाउन आणि क्लीव्हलँड अशा सहा टीम घेऊन ही लीग सुरू झाली. हे क्लीव्हलँड टेनेसीतलं छोटं गाव आहे, ओहायोतलं मोठं शहर वेगळं. १९१४ च्या सीझनमध्येच लीग बंद पडली. १९२१ ला परत सुरू केली, १९२५ च्या सीझनच्या मध्यात परत बंद. तेव्हा देशभर हेच चालायचं. एक उन्हाळा पावसात गेला, कारखाना बंद पडला, दोन टीमने हात वर केले की उरलेल्या चार टीम कोणाशी खेळणार? सहा टीमच्या लीगमध्ये प्रत्येक टीम बाकीच्या पाचांच्या जिवावर जगते.

मग आली १९२९ नंतरची महामंदी आणि त्यात मायनर लीग संपतील असंच सगळ्यांना वाटत होतं. दोन गोष्टींनी वाचवलं. पहिली म्हणजे दिवे. दिवसा कामावर असलेला माणूस मॅचला येणार कधी, म्हणून १९३० मध्ये कॅन्सस आणि आयोवातल्या छोट्या क्लबांनी दिव्यांखाली मॅच खेळवायला सुरुवात केली. मेजर लीगमध्ये पहिली रात्रीची मॅच झाली १९३५ ला, म्हणजे या बाबतीत छोटी गावं मोठ्या शहरांच्या पाच वर्षं पुढे होती, आणि हे मला फार भारी वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्रँच रिकी. हा सेंट लुईस कार्डिनल्सचा कारभार बघायचा. क्लबकडे पैसे कमी, न्यूयॉर्क-शिकागोच्या क्लबांशी बोली लावून खेळाडू घेणं परवडत नव्हतं, तेव्हा १९२० च्या आसपास त्याने ठरवलं की तयार खेळाडू विकत घ्यायचाच नाही, छोटे क्लब विकत घ्यायचे किंवा त्यांच्याशी करार करायचा, शेकडो पोरं स्वस्तात सही करून तिथे ठेवायची आणि त्यातली दोन-चार टक्के जरी पिकली तरी बास. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर समजा एखाद्या आयपीएल फ्रँचायझीने सांगली, विटा, जत, कवठेमहांकाळ अशी तीस गावं पकडली, तिथल्या टीमना कपडे दिले, कोच दिले, खेळाडूंचा पगार दिला, फक्त एक अट, की कोण खेळणार, कोण कुठल्या नंबरवर येणार आणि कोणाला उद्या सकाळी दुसऱ्या गावाला पाठवायचं हे सगळं मुंबईत ठरणार. यालाच फार्म सिस्टिम म्हणतात. १९३० च्या दशकाच्या शेवटी कार्डिनल्सच्या हाताखाली अशा तीसहून जास्त टीम होत्या. बेसबॉलचे तेव्हाचे कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांना हे अजिबात पटत नव्हतं, गावाची टीम गावाचीच राहिली पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं, १९३८ ला त्यांनी कार्डिनल्सच्या ताब्यातले सत्तरहून जास्त खेळाडू मोकळे पण केले. पण एकेका क्लबला धडा शिकवून सिस्टिम थांबत नाही, बाकीचे सगळे क्लब रिकीचीच नक्कल करत सुटले.

गावांच्या बाजूने विचार केला तर हा सौदा नाकारणं कठीण होतं. पगाराची चिंता संपली, तोटा कोणीतरी भरतंय, आणि दारात परत बेसबॉल आलंय. पण त्या दिवसापासून विकायला स्वतःचं काही उरलं नाही. माझ्या मते या लीगच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच आहे, आणि तेव्हा ते कुणाला जाणवलं पण नसेल.

१९३७ ला ॲपलाचियन लीग तिसऱ्यांदा उभी राहिली ती अशा वातावरणात. टीमची नावं बघितली की गावाचं पोट कशावर चालायचं ते कळतं. न्यूपोर्टची टीम कॅनर्स, कारण तिथे भाज्या-फळं डबाबंद करायचा स्टोकली कंपनीचा मोठा कारखाना होता. पुढे वेल्च गावाची टीम आली तिचं नाव मायनर्स, म्हणजे खाणकामगार. एलिझाबेथटनमध्ये रेयॉनच्या मोठ्या गिरण्या, किंग्सपोर्टमध्ये ईस्टमन कोडॅकचा केमिकल प्लांट. पुलास्कीचं काल्फी पार्क १९३५ ला मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेतून बांधलं गेलं आणि त्याच्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात तरुण पोरं सैन्यात गेल्यावर देशातल्या बहुतेक लीग बंद झाल्या, १९४३ ला अख्ख्या अमेरिकेत जेमतेम दहा-एक मायनर लीग चालू होत्या आणि त्यात ही चिकट लीग होती.

युद्ध संपलं आणि धमाल सुरू झाली. सैनिक परत आले, खिशात पैसे होते, घरी टीव्ही नव्हता. १९४९ ला देशात ५९ मायनर लीग होत्या आणि वर्षभरात जवळपास ४ कोटी लोकांनी मैदानात जाऊन मॅच बघितल्या. कोळशाच्या गावांत तर विचारू नका. वेल्च ज्या मॅकडॉवेल काउंटीत आहे तिथे १९५० ला जवळपास १ लाख लोक राहायचे, शनिवारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची.

या सुवर्णकाळाची एक काळी बाजू सांगितलीच पाहिजे. त्या खाणींमध्ये कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने होते, तेही बेसबॉलचे वेडे होते, त्यांच्या स्वतःच्या टीम होत्या. पण संघटित बेसबॉलने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून कृष्णवर्णीय खेळाडूंना दार बंद ठेवलं होतं, ते उघडलं १९४६ ला, जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू माँट्रियल या मायनर लीगच्या टीमकडून खेळला तेव्हा. आणि त्याला सही करून घेणारा माणूस कोण, तर तोच ब्रँच रिकी, तोपर्यंत तो ब्रुकलिनच्या मेजर क्लबमध्ये गेला होता. दक्षिणेकडच्या क्लास-डी लीगपर्यंत हा बदल पोचायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे गावाची टीम म्हणताना गावातल्या किती लोकांची, हा प्रश्न त्या काळाबद्दल विचारावाच लागतो.

याच काळातली एक मॅच. १३ मे १९५२, ब्रिस्टल विरुद्ध वेल्च. बेसबॉलमध्ये प्रत्येक टीमच्या नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगला तीन आउट, म्हणजे पूर्ण मॅचमध्ये समोरच्या टीमचे २७ आउट काढायचे असतात. आउट व्हायचे बरेच मार्ग आहेत, कॅच, धावत जाताना बेसवर (म्हणजे रन काढताना गाठायच्या चार टप्प्यांवर), वगैरे. स्ट्राइकआउट म्हणजे पिचरने (बॉल टाकणारा, आपला बॉलर) तीन स्ट्राइक, म्हणजे बॅटरला मारता न आलेले तीन चांगले बॉल, टाकून एकट्याने काढलेला आउट, एका मॅचमध्ये दहा स्ट्राइकआउट म्हणजे मस्त कामगिरी. ब्रिस्टलचा १९ वर्षांचा पिचर रॉन नेचाय, त्याला पोटात अल्सर होता, वेदना चालू असताना मधेच दूध पिऊन तो परत पिचिंग करत होता, आणि त्याने त्या रात्री २७ स्ट्राइकआउट काढले. सत्तावीस! समोरच्यांना एकही हिट, म्हणजे फिल्डरची चूक नसताना बॉल मारून बेस गाठणं, मिळाली नाही. एका बॅटरचा बॉल जमिनीवरून जाऊन तो साधा आउट झाला, आणि एकदा तिसरा स्ट्राइक होऊनही कॅचरच्या (आपला विकेटकीपर म्हणा) हातून बॉल निसटल्यामुळे बॅटर पळून पहिल्या बेसवर पोचला, तो स्ट्राइकआउट मोजला जातो पण आउट होत नाही, म्हणून आकडा परत २७ वर आला. ब्रिस्टल ७-० ने जिंकली. व्यावसायिक बेसबॉलच्या नऊ इनिंगच्या मॅचमध्ये असं दुसऱ्या कोणी केलेलं नाही. त्याच महिन्यात त्याच टीमच्या बिल बेलने लागोपाठ दोन मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट मिळू दिली नाही, आणि या तिन्ही मॅचमध्ये कॅचर तोच, हॅरी डनलॉप.

आता पुढे काय झालं बघा. ब्रिस्टलची टीम पिट्सबर्ग पायरेट्सच्या हाताखाली होती आणि पिट्सबर्गचा कारभार तेव्हा, परत एकदा, रिकीकडेच. थोड्याच दिवसांत नेचायला वरच्या लीगला पाठवलं आणि ऑगस्टमध्ये तो थेट मेजर लीगमध्ये. तिथे त्याने एक मॅच जिंकली, सहा हरला, मग सैन्य, आजारपण, खांद्याची दुखापत आणि खेळ संपला. ब्रिस्टलच्या लोकांनी आयुष्यात एकदाच दिसणारा पिचर बघितला आणि उन्हाळा निम्मा व्हायच्या आत तो गेला. पिट्सबर्गच्या दृष्टीने हे बरोबरच होतं, टीम त्यासाठीच तर ठेवली होती. याच्या उलट टोकाला लिओ शोल्स. हा धिप्पाड माणूस मेजरमध्ये कधीच पोचला नाही, याच भागातल्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळला, १९४९ ला शेजारच्या कॅरोलिना लीगमध्ये एका सीझनला ५५ होमरन (आपल्या सिक्ससारखे फटके) मारले, किंग्सपोर्टकडून पण खेळला. गावाला असा माणूस हवा असतो, जो पुढच्या वर्षी परत दिसेल, ज्याच्याशी लोक वाण्याच्या दुकानात बोलतील. फार्म सिस्टिम जशी पसरली तसे हे लोक कमी होत गेले, कारण तीस वर्षांच्या होमरनवाल्यावर पगार घालवण्यात वरच्या क्लबला काही रस नसतो.

पन्नाशीचं दशक मायनर लीगसाठी वाईट होतं. टीव्ही आला, घरबसल्या न्यूयॉर्कची मॅच दिसायला लागली, हळूहळू घरांत एसी यायला लागले. कोळशाच्या पट्ट्यात आणखी एक संकट, खाणींमध्ये मोठी यंत्रं आली आणि रेल्वे कोळशावरून डिझेलवर गेली, हजारो नोकऱ्या गेल्या, माणसं डेट्रॉइट-क्लीव्हलँडकडे निघून गेली. मॅकडॉवेल काउंटीत आज २० हजार पण लोक नाहीत. १९५५ चा सीझन संपला आणि लीग तिसऱ्यांदा बंद पडली. १९५६ ला काहीच नाही.

१९५७ ला ती परत आली आणि यावेळी मेजर क्लबांच्या पूर्ण आधारावर. पुढे करार झाला की खेळाडू आणि कोच यांचा पगार मेजर क्लब देणार, गावाने मैदान, दिवे, तिकीट, हॉटडॉग, बस एवढं बघायचं. १९६३ ला ए-बी-सी-डी हे जुने दर्जे गेले आणि ही रूकी लीग झाली. १९६५ ला मेजर लीगचा ड्राफ्ट सुरू झाला, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने जूनमध्ये नवीन पोरं निवडायची, म्हणून ही लीगही जूनच्या मध्यात सुरू होऊन ऑगस्टअखेर संपायची, साठ-सत्तर मॅच. पहिल्याच ड्राफ्टमधला टेक्ससचा एक पोरगा व्हर्जिनियातल्या मॅरियन नावाच्या गावात आला, नोलन रायन. पुढे त्याने मेजरमध्ये ५,७१४ स्ट्राइकआउट काढले, तो रेकॉर्ड अजून त्याच्याच नावावर आहे.

ही पासष्टेक वर्षं लीगने शांतपणे काम केलं. बाल्टिमोर ओरिओल्स आणि ब्लूफील्डचं नातं १९५८ पासून २०१० पर्यंत टिकलं, या धंद्यात हे फार दुर्मिळ. ब्लूफील्ड गाव वेस्ट व्हर्जिनियाचं पण त्यांचं बोवेन फील्ड राज्याची हद्द ओलांडून व्हर्जिनियात आहे. १९७८ ला कॅल रिपकन तिथे आला आणि त्या सीझनमध्ये त्याने एकही होमरन मारला नाही, फिल्डिंगमध्ये तीसहून जास्त चुका केल्या. हाच माणूस पुढे लागोपाठ २,६३२ मॅच खेळला! कर्बी पकेट १९८२ ला एलिझाबेथटनमध्ये, ड्वाइट गुडन त्याच वर्षी किंग्सपोर्टमध्ये, मॅनी रामिरेझ १९९१ ला बर्लिंग्टनमध्ये. डोमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलामधून आलेली पोरं, इंग्रजी येत नाही, पहिल्यांदा घर सोडलंय, त्यांना गावातली कुटुंबं उन्हाळाभर आपल्या घरी ठेवून घ्यायची, जेवायला घालायची. हे का करावं लागायचं? कारण पगार. २०२१ ला वाढ होईपर्यंत रूकी लीगचा किमान पगार आठवड्याला २९० डॉलर होता, तोही फक्त सीझन चालू असताना. २०१८ ला अमेरिकन संसदेने बजेटच्या मोठ्या बिलात एक कलम घालून मायनर लीगच्या खेळाडूंना किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या कायद्यातून मोठ्या प्रमाणात बाहेरच ठेवलं. अब्जावधीचा धंदा करणाऱ्या लोकांनी हे मागून घ्यावं याचा मला आजही राग येतो.

आपल्याकडचा एक धागा इथे जोडतो. २००८ ला टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, त्यांना पायरेट्सने करारबद्ध केलं, आणि २००९ मध्ये ते फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळले. ती ॲपलाचियनची बहीण म्हणा, दर्जा तोच, रूकी. फरक एवढाच की तिथे मॅच क्लबच्या ट्रेनिंग कॉम्प्लेक्सच्या मैदानावर, बहुतेक वेळा दुपारी आणि जवळपास प्रेक्षकांविना होतात. कुस्तीच्या रिंगणात नंतर वीर महान म्हणून दिसलेला तो हाच रिंकू.

आणि हा कॉम्प्लेक्सच शेवटी ॲपलाचियन लीगच्या मुळावर आला. मेजर क्लबांनी हिशोब मांडला. फ्लोरिडा-ॲरिझोनात आपलं ट्रेनिंग सेंटर आहे, हाय-स्पीड कॅमेरे, डॉक्टर, डायटिशियन सगळं एका जागी, मग पोरांना टेनेसीत बसमध्ये का फिरवायचं, तिथली जुनी ड्रेसिंग रूम का सहन करायची? २०१९ च्या अखेरीस बातमी फुटली की ४२ टीमशी संबंध तोडायचा प्रस्ताव आहे आणि त्या यादीत या लीगच्या जवळजवळ सगळ्या टीम होत्या. १०० हून जास्त खासदारांनी विरोधाचं पत्र लिहिलं, दोन्ही पक्षांचे. पण गावांच्या हातात लढायला होतं काय? मैदान होतं, प्रेक्षक होते, खेळाडू एकही नाही. २०२० चा सीझन कोविडमुळे झालाच नाही, सप्टेंबरअखेर जुना करार संपला, आणि १६० टीमच्या जागी १२० उरल्या.

ॲपलाचियन लीगला एक पर्याय देण्यात आला. २०२१ पासून ती कॉलेजच्या खेळाडूंची उन्हाळी लीग आहे, मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल (अमेरिकेतल्या बेसबॉलची राष्ट्रीय संघटना) यांच्या मदतीने चालते. खेळाडूंना पगार नाही, कारण ते अजून कॉलेजात आहेत. कॉलेजमध्ये ॲल्युमिनियमची बॅट असते, इथे लाकडी, त्यामुळे निवडकर्त्यांना खरा अंदाज येतो. कार्डिनल्स, मेट्स, ट्विन्स ही मोठ्या क्लबांची उसनी नावं गेली आणि दहाच्या दहा टीमना स्वतःची नावं मिळाली: किंग्सपोर्ट ॲक्समेन, ब्रिस्टल स्टेट लाइनर्स, ब्लूफील्ड रिज रनर्स, बर्लिंग्टन सॉक पपेट्स. ब्रिस्टलचं नाव तर एकदम चपखल, कारण गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते.

खेळाचा दर्जा थोडा उतरला हे मान्य करायला हवं, आणि नोलन रायनला पहिल्या उन्हाळ्यात बघितल्याची फुशारकी आता तशी मारता येणार नाही. पण उन्हाळ्यात संध्याकाळी दिवे लागतात आणि तिकीट स्वस्त आहे. वर राहिलेल्या १२० टीमचं काय होईल हे मला जास्त काळजीचं वाटतं. त्यांना २०२१ ला मेजर लीगने दहा वर्षांचं लायसन्स दिलंय, ते २०३० ला संपतं, आणि त्या टीममधल्या खेळाडूंचं कॉन्ट्रॅक्टही गावाकडे नाहीच.